बोट गेले, तार राहिली
हाताला इजा झालेल्या वादकांसाठी काही युक्त्या आणि काही माहिती

ठाणे-बेलापूर पट्टीत, तुर्भे ते महापे या टापूत, कुठल्याही चहाच्या टपरीवर पाळी सुटायच्या वेळी जरा उभे राहावे. ग्लास धरणाऱ्या हातांकडे पाहावे. एखाद्याच्या तर्जनीला वरचे पेर नसते, एखाद्याची करंगळी आखडून तळव्याला टेकलेली असते. काय झाले म्हणून विचारले तर उत्तर एका शब्दात मिळते, "प्रेस." म्हणजे पॉवर प्रेस. पत्र्याला आकार देणारे यंत्र. पायाखालचे पेडल दाबले की वरचा डाय खाली येतो. तेवढ्या क्षणात हात बाहेर निघाला तर निघाला.

अशा अपघातानंतर घरात ज्या गोष्टी बोलल्या जातात त्या आपल्याला पाठ आहेत. नोकरी राहील का, पैसे किती मिळतील, ठेकेदार कागद करील का, जेवताना घास कसा उचलायचा. हे सगळे प्रश्न खरेच आहेत. पण एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. "तू वाजवत होतास ना रे? आता वाजवणार का?"

हा प्रश्न चैनीचा आहे असे कुणी समजू नये. तुर्भे स्टोअर, इंदिरानगर, हनुमाननगर या वस्त्यांत जे हात दिवसा पत्रा ओढतात किंवा खाणीत घण मारतात, तेच हात रात्री विहाराच्या ओट्यावर ढोलकी, तुणतुणे, बेंजो धरतात. जयंतीच्या महिन्यात तर गायन पार्टीला श्वास घ्यायला सवड नसते. ज्याचे बोट गेले तो पहिल्या वर्षी मागे बसून टाळ्या वाजवतो, दुसऱ्या वर्षी येतच नाही. त्याचे वाद्य माळ्यावर जाते. बायको म्हणते, "राहू द्या आता, हाताला त्रास नको." ती काळजीपोटीच बोलते. पण त्या माणसाचे निम्मे बोलणे त्या दिवसापासून बंद होते, हेही तिनेच पाहिलेले असते.

म्हणून वाचक बंधू-भगिनींनो, आज थोडी वेगळी माहिती. हाताची बोटे गमावून किंवा बोटे वाकडी होऊनही ज्यांनी तारेची वाद्ये वाजवली त्यांनी काय काय केले, आणि आपल्या वस्तीत, आपल्या खर्चात त्यातले काय करता येईल.

पहिली गोष्ट आपल्यासारख्याच एका कामगाराची. इंग्लंडमधले बर्मिंगहॅम हे कारखान्यांचे शहर. तिथे टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता आणि संध्याकाळी गिटार वाजवत होता. साल १९६५. त्याला एका वाद्यवृंदाबरोबर परदेशी जायची संधी आली होती, त्यामुळे त्याने कारखाना सोडायचे ठरवले. शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी आल्यावर तो आईला म्हणाला की आता परत जात नाही. आईने त्याला बजावले की हातातले काम पुरे करूनच ये. तो परत गेला. त्या दिवशी प्रेसवरचा माणूस आला नव्हता, म्हणून याला तिथे उभे केले. यंत्र उजव्या हातावर आले आणि मधल्या व अनामिका या दोन बोटांची टोके गेली. आयोमी डावखुरा. म्हणजे त्याच्या गिटारच्या तारा दाबणारा हात नेमका तोच. डॉक्टरांनी सांगितले, संगीत विसर.

पुढे जे झाले ते आपल्या कामाचे आहे. कारखान्यातला त्याचा वरिष्ठ त्याला भेटायला आला आणि सोबत एक ध्वनिमुद्रिका घेऊन आला. मुलगा ऐकायलाच तयार नव्हता. शेवटी ऐकली, तेव्हा वरिष्ठ म्हणाला की हा वाजवणारा गिटारवर दोनच बोटांनी सूर काढतो. तो वादक होता जँगो राइनहार्ट. युरोपातल्या ज्या भटक्या जमातीला लोक जिप्सी म्हणून हिणवत, त्या रोमा समाजातला. या समाजाचे पूर्वज आपल्याच देशातून गेले आणि त्यांच्या भाषेचे मूळ भारतीय आहे, असे भाषेचे अभ्यासक सांगतात. १९२८ च्या नोव्हेंबरात त्याच्या राहत्या गाडीला आग लागली. तो तेव्हा अठरा वर्षांचा होता. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी भाजून आखडली ती कायमची. त्याने उरलेल्या तर्जनी व मधल्या बोटांनी सगळी सुरावट नव्याने बसवली. आखडलेली दोन बोटे वरच्या तारांवर जेमतेम टेकवण्यापुरती वापरली. १९३४ पासून पॅरिसमधल्या त्याच्या वाद्यवृंदाचे नाव जगभर झाले.

हे ऐकून आयोमी घरी कामाला लागला. भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून तिचा गोळा केला. तापलेल्या सोल्डरिंगच्या सळईने त्याला बोटाएवढे भोक पाडले, पॉलिश पेपरने घासून टोपी बनवली. प्लॅस्टिक तारेवरून घसरते, म्हणून जुन्या चामडी जाकिटाचा तुकडा कापून वर चिकटवला. तरी तारा जड लागत. त्या काळी गिटारला हलक्या तारा बाजारात मिळत नव्हत्या, म्हणून त्याने पाश्चात्य बँजोच्या पातळ तारा आणून गिटारला चढवल्या. पुढे काही वर्षांनी सगळे वाद्यच खालच्या सुरात लावले. तार ढिली झाली की बोटाला कमी जोर लागतो. त्या ढिल्या तारेचा जो जड, घुमणारा आवाज आला, तो पुढे त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' या वाद्यवृंदाची ओळख ठरला. ५ जुलै २०२५ रोजी त्याच बर्मिंगहॅममध्ये या मंडळींचा अखेरचा कार्यक्रम झाला, तेव्हाही आयोमी बोटांवर टोप्या घालूनच उभा होता.

ते संगीत आपल्या कानाला रुचेल न रुचेल, तो भाग वेगळा. मला त्यातली कारागिरी महत्त्वाची वाटते. प्लॅस्टिकची बाटली, सळई, पॉलिश पेपर, चामड्याचा तुकडा. यातली एकही वस्तू तुर्भ्यात न मिळणारी नाही.

आता आपल्या तक्त्याकडे वळू. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यापासून एक परिशिष्ट चालत आलेले आहे. कुठले बोट गेले तर कमाईची ताकद किती टक्के घटली, हे त्यात मांडलेले आहे. अंगठा पूर्ण गेला तर ३० टक्के. तर्जनी पूर्ण १४, तिचे एक पेर ९. मधले बोट पूर्ण १२, एक पेर ७. अनामिका किंवा करंगळी पूर्ण गेली तर ७, एक पेर ५. म्हणजे आयोमीची इजा आपल्याकडे एकेक पेर धरून मोजली असती तर ७ अधिक ५, एकूण १२ टक्के भरली असती. आणि दिव्यांग म्हणून बहुतेक सवलती मिळायला २०१६ च्या कायद्यानुसार ४० टक्के अपंगत्व लागते. दोन-तीन पेरे गमावलेला माणूस त्या उंबऱ्याच्या बराच अलीकडे राहतो. यंत्रावर हेल्पर म्हणून त्याचे काम कसेबसे चालते, म्हणून कागदावर तो जवळजवळ धडधाकट. पण व्हायोलिन वाजवणाऱ्याची डावी करंगळी गेली तर त्याचे किती टक्के गेले? हे त्या तक्त्यात नाही.

तक्ता अपुरा असला तरी हक्क सोडू नये. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळात, १९४३ मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे सोपवले गेले. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि त्यातूनच १९४८ चा राज्य विमा कायदा उभा राहिला. अपघाताची नोंद त्याच दिवशी लेखी करून घ्यावी. ठेकेदाराचा कामगार असला तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही, हे घरातल्या बायकांनीही लक्षात ठेवावे, कारण त्या दिवशी पुरुष दवाखान्यात असतो आणि कागद मागायला बाईच जाते.

आणि हे त्याहून आधी: तुटलेले बोट सापडले तर ते फेकू नका. स्वच्छ पाण्याने हलके धुवा, ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोट थेट बर्फावर किंवा पाण्यात ठेवू नका, मांस खराब होते. जखमी हात उंच धरून, कापडाने दाबून, मोठ्या रुग्णालयात लवकरात लवकर जा. सगळी बोटे जोडता येत नाहीत, पण न नेलेले बोट तर मुळीच जोडता येत नाही.

आता वाद्यांकडे. आपल्या गायन पार्टीची वाद्ये आणि तुटलेला हात यांचे नाते वाटते तेवढे वाकडे नाही.

तुणतुणे घ्या. लाकडी किंवा पत्र्याचे नळकांडे, बुडाला कातडे, बाजूला बांबूची काठी, कातड्याच्या मधून निघून वरच्या खुंटीला गेलेली एकच तार. आंबेडकरी जलसे गावोगाव फिरत होते त्या काळापासून, आणि त्याआधी सत्यशोधकी जलशांतही, ते शाहिराच्या मागे उभे आहे. या वाद्यात सुरासाठी तार दाबायचीच नसते. एक हात धरतो, दुसरा छेडतो. म्हणजे डाव्या हाताची चारही बोटे गेली तरी अडते ते फक्त धरायचे. त्यासाठी शाळेच्या दप्तराचा जुना पट्टा घ्या. एक टोक नळकांड्याच्या कडेला, दुसरे काठीच्या मधोमध बांधा आणि वाद्य खांद्यावरून काखेत लटकवा. कोपराने दाबले की ते हलत नाही.

उजव्या हाताची बोटे गेली असतील तर छेडायचा तुकडा धरता येत नाही. अशा वेळी व्यवसायोपचार करणारे तज्ज्ञ तळव्याभोवती एक पट्टा देतात, त्याला लहानसा खिसा असतो. रुग्ण त्यात चमचा अडकवून जेवतो. त्याच खिशात तुणतुण्याची काडी किंवा गिटारची पट्टी बसते. व्हेलक्रोचा पट्टा, आत मऊ कापड, बाहेर चामड्याचा खिसा. चपला-जोडे शिवणारा कारागीर हे काम तासाभरात करतो. पट्टा मनगटाला घट्ट आवळू नये. बोटांची टोके थंड पडली किंवा मुंग्या आल्या तर लगेच सैल करावा.

एका हाताने खुंटी पिळणे हीच तुणतुण्यातली खरी अडचण. साधी लाकडी खुंटी घसरते आणि वादक दुसऱ्याला हाक मारतो. त्याऐवजी गिटारची दातेरी खुंटी काठीला बसवून घ्यावी. ती फिरवली तेवढीच फिरते, मागे येत नाही.

बेंजोची गोष्ट तर गमतीची आहे. आपल्या मिरवणुकीत 'बेंजो पार्टी' म्हणून जो वाजतो, तो म्हणजे विजेवर चालणारा बुलबुलतरंग. टाइपरायटरसारखी बटणे असतात. डाव्या हाताने बटण दाबले की खालची पट्टी तारेवर बसते, उजव्या हाताने छेडायचे. याचा मूळ पूर्वज जपानी. नागोया शहरातल्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये तैशोगोतो नावाचे वाद्य तयार केले, ते समुद्रमार्गे इकडे आले आणि इथलेच झाले. बोटाच्या टोकाने तार दाबायचे कष्ट या वाद्याने काढूनच टाकलेले आहेत! ज्याची पेरे गेली, ज्याच्या टोकांना कातडे पातळ आहे, त्याच्यासाठी हे आयते वाद्य आहे. एका बोटानेही बटणे दाबता येतात. तेवढेही नसेल तर तळव्याच्या पट्ट्यात रबराचे बूच लावलेली काडी अडकवून दाबतात. गती कमी होते, सूर तोच येतो.

गिटारवाल्या पोरांना आणखी एक वाट आहे. गिटार मांडीवर आडवी ठेवायची आणि तारेवरून लोखंडी दांडी किंवा काचेची बाटली फिरवायची. बोटे स्वतंत्र हलावी लागत नाहीत, मूठ पुरते, आणि मूठही नसेल तर दांडी पट्ट्याने बांधता येते. ही काही अपंगांसाठी काढलेली तडजोड नाही. आपली विचित्र वीणा काचेच्या गोट्याने वाजते, दक्षिणेकडची चित्रवीणाही अशीच सरकत्या दांडीने. ब्रिजभूषण काब्रा यांनी मांडीवरच्या गिटारवर राग वाजवले. विश्वमोहन भट्ट यांना अशाच वाद्याबद्दल १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. सतारीतही डाव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट हीच मुख्य कामकरी असतात. करंगळी गेलेल्या मुलाने सतार शिकायची म्हटले तर गुरूने त्याला दारातून परत पाठवायचे कारण नाही.

हात बदलणे हा शेवटचा आणि सर्वांत कठीण उपाय. व्हिएन्नाचे रुडॉल्फ कोलिश (१८९६–१९७८) यांच्या डाव्या हाताचे मधले बोट लहानपणी जखमी झाले. त्यांनी व्हायोलिन उजव्या हाताने धरायला आणि गज डाव्या हातात घ्यायला शिकून घेतले, आणि पुढे मोठ्या वादकांत त्यांची गणना झाली. पण व्हायोलिन नुसते उलटे धरून भागत नाही, आतली लाकडी दांडी आणि आधाराची काडीही बाजू बदलून बसवावी लागते. कॅनडातले एड्रियन अनंतवान यांना तर जन्मतःच उजवा पंजा नाही. टोरांटोच्या पुनर्वसन केंद्राने त्यांच्या मनगटाला बसणारे एक साधन करून दिले. त्यात गज पकडला जातो आणि ते खांद्यातून, कोपरातून गज फिरवतात. आज ते नामवंत वादक आहेत.

व्हायोलिनचा विषय निघाला म्हणून सांगतो. बाबासाहेबांनी आयुष्याच्या उत्तरार्धात, प्रकृती साथ देत नसताना, व्हायोलिन शिकायला घेतले होते. त्यांचे व्हायोलिन पुण्यात सेनापती बापट रस्त्यावरच्या सिंबायोसिसच्या संग्रहालयात ठेवलेले आहे. मुलांना घेऊन जाल तेव्हा ते अवश्य दाखवा.

घरातल्या मोठ्या बायकांसाठी दोन शब्द. संधिवाताने बोटे वाकलेली आजी एकतारी धरू शकत नाही, कारण काठी बारीक असते. काठीभोवती जुनी सायकलची ट्यूब किंवा स्पंज गुंडाळून ती जाड करा. जाड वस्तू धरायला मुठीला कमी जोर लागतो. लाटणे, विळा, कंगवा यांनाही हाच उपाय लागू. स्टोव्हच्या भडक्याने भाजलेल्या हातांचे कातडे आखडते. त्याला सुरुवातीच्या महिन्यांत योग्य पट्टी आणि रोजचा व्यायाम मिळाला तरच बोटे सरळ राहतात. जखम भरली म्हणजे उपचार संपला, असे समजू नये.

टोपी बनवायची घाई मात्र नको. तुटलेल्या टोकाला पहिले काही महिने नुसता वारा लागला तरी कळ येते. नसलेले बोट खाजते असेही वाटते, तो वेडेपणा नव्हे, मेंदूला त्याची अजून आठवण असते. टाके निघून जखम पूर्ण भरल्यावर हात रोज थोडा वेळ कापसावर, मग सुती कापडावर, मग डब्यातल्या तांदळात फिरवावा. हळूहळू कातडी स्पर्श सोसायला शिकते. मग शिंप्याचे अंगुस्तान घालून पाहावे आणि त्यावर चामडे चिकटवावे. आयोमीसारखी बाटली घरात वितळवू नका, धूर विषारी असतो. व्यवसायोपचार विभागात सुमारे ६५ ते ७० अंश तापमानाच्या पाण्यात मऊ होणारे प्लॅस्टिक मिळते, ते हातावरच आकार घेते. मधुमेह असेल किंवा कुष्ठरोगाने बोट बधिर असेल तर वाजवून झाल्यावर टोपी काढून कातडी डोळ्यांनी तपासावी, कारण दुखले तरी ते कळणार नाही. आनंदवनात अशाच आणि इतर अपंगत्व असलेल्या कलाकारांचा 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद उभा राहिला, त्याचे कार्यक्रम अनेकांनी पाहिले असतील.

हे व्यवसायोपचार शास्त्र आपल्याकडे रुजवले ते मुंबईत. कमला निंबकर या जन्माने अमेरिकन, लग्नाने मराठी. त्यांनी १९५० मध्ये परळच्या के. ई. एम. रुग्णालयात या विषयाची शाळा सुरू केली, ती आशियातली पहिली. हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. हात, पाय, पट्ट्या, सगळे तिथे मापाने बनते. तुर्भ्याहून ठाणे, ठाण्याहून दादर, तिथून पश्चिम रेल्वेने महालक्ष्मी, पुढे थोडे चालणे. सकाळी लवकर निघावे, जुने सगळे कागद न्यावेत. आणि वाद्य बरोबर घ्यावे. डॉक्टरांना "वाजवता येत नाही" असे सांगितले तर ते हात पाहतात, वाजवून दाखवले तर कुठे अडते ते पाहतात. तुणतुणे लोकलच्या फळीवर सहज मावते. बेंजो असेल तर एक माणूस सोबत लागेल.